गादी नव्हे, गाडी असे वाचावे

१९७९ सालच्या मे महिन्यातल्या एका गुरुवारी नाशिकच्या एका दैनिकात चौथ्या पानावर, 'विकणे आहे' या सदरात, पुढील मजकूर प्रसिद्ध झाला : 'जीर्णोद्धार केलेली, चारही चाकांना बळ असलेली, उघड्या पाठीची अमेरिकन गादी विकणे आहे. सुस्थितीत. द्वारकेजवळ समक्ष पाहावी. चौकशी या कार्यालयात.' मजकूर मी लिहिला होता. त्याचे प्रूफ मी वाचले होते. विकायची होती ती गाडी होती.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे पत्रकारितेतला थरार मागितला आहे. मी त्या दैनिकात बावीस वर्षे होतो. त्यातली अकरा छोट्या जाहिरातींच्या टेबलावर गेली. गोदावरीला पूर आला तेव्हा मी 'दोन खोल्या भाड्याने, पाण्याची सोय' हे तपासत होतो. निवडणुकीचे निकाल लागत होते तेव्हा शिलाई मशीन तपासत होतो. त्यामुळे थरार एवढाच आहे.

टेबलाचे काम असे चाले. माणूस खिडकीशी येई आणि आपली गरज कागदावर लिहून देई. आकार शब्दांवर असे. मी मजकूर नीट करून आत कंपोझिटरकडे पाठवी. तो शिशाचा एकेक अक्षराचा खिळा उचलून ओळ उभी करी, शाई फासून ठसा काढी. तो ठसा म्हणजे प्रूफ. ते परत माझ्याकडे येई, चुका खुणावून दिल्या की मजकूर पानात बसे. बातम्यांचे प्रूफ दोघे वाचत. एक मूळ कागद मोठ्याने वाची, दुसरा प्रूफावर बोट ठेवी. छोट्या जाहिरातींना दुसरा माणूस मंजूर नव्हता. मूळ वाचणारा मी, प्रूफ पाहणारा मी आणि चूक झाली की उभे राहून ऐकून घेणाराही मीच.

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची होती. शब्दांवर आकार असतो हे कळल्यावर एका वरपित्याने 'सुशिक्षितनिर्व्यसनीस्वगृहयुक्तपदवीधर' असा एकच शब्द लिहून आणला. समास व्याकरणशुद्ध होता, म्हणून मी तो एक शब्द धरला. व्यवस्थापकांनी मला बोलावून समास आणि धंदा यांतला फरक समजावला. एक गृहस्थ दर सोमवारी 'बाळ, परत ये, कोणी रागावणार नाही' ही जाहिरात देत. नवव्या सोमवारी त्यांनी ती थांबवली. मुलगा आला का, असे मी विचारले. ते म्हणाले, "आला. आता घरात सगळेच रागावलेत."

या कामात माझी स्वतःची एक खोड होती. लोकांनी लिहिलेले इंग्रजी शब्द काढून तिथे मी शुद्ध मराठी घालत असे. कोणी सांगितले नव्हते. एकदा स्कूटरची मी 'स्वयंचलित दुचाकी' केली. चौकशीला आलेल्यांपैकी दोघे ती पायडल न मारता चालणारी सायकल समजून आले होते. तेव्हा मी दोष वाचकांना दिला.

बुधवारी दुपारी खिडकीशी सखाराम निकम आले. वय साठीच्या आतबाहेर, खाकी पँट, नखांत जन्माचे ग्रीस. मूळचे सटाण्याकडचे, देवळालीला लष्करी वर्कशॉपमध्ये फिटर होते, निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर होते : 'फोर व्हील डिस्पोजल पिकप, अमेरिकन, फुल रिपेर, एकदम कडक, विकणे आहे. द्वारका.'

"डिस्पोजल म्हणजे?" मी विचारले.

"मिलिटरीनं लिलावात काढलेली, भाऊ. लढाईच्या टायमाची. मी घेतली तेव्हा तिच्या चासीतून बाभूळ उगवली होती."

"आणि फोर व्हील म्हणजे चार चाके. ती असणारच की."

निकमांनी माझ्याकडे नीट पाहिले. "चाकं चार सगळ्यांनाच असतात. जोर दोनालाच असतो, मागच्या. हिच्यात दुसरा दांडा ओढला की पुढचीबी ओढायला लागतात. चिखलात, वाळूत, घाटात, कुठंबी."

हे मला समजले. समजले की शब्द सुचतात, हा माझा दोष. 'फोर व्हील'चे मी 'चारही चाकांना बळ असलेली' केले. 'पिकप'चे 'उघड्या पाठीची'. राहिले 'फुल रिपेर'. निकमांनी त्या गाडीवर सहा वर्षे घातली होती. मुंबईच्या जुन्या बाजारातून सुटे भाग शोधले होते, नाही मिळाले ते लेथवर स्वतः कातून घेतले होते. याला दुरुस्ती म्हणणे मला तोकडे वाटले. मी लिहिले 'जीर्णोद्धार केलेली' आणि पेन खाली ठेवून ओळ दोनदा वाचली.

निकमांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "छान आहे. पण लोकांना कळेल ना?"

"कळेल," मी म्हणालो.

जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. नाशकातल्याच द्वारका चौकाजवळची शेडची जागा मालकाला परत हवी होती. पुढच्या बुधवारी मुदत संपत होती; त्या दिवशी शेड रिकामी करायची होती. गाडी ठेवायला दुसरी जागा नव्हती. तोवर गिऱ्हाईक आले नाही तर मालेगावचे एक भंगारवाले तिला घेणार होते. भंगारवाले गाडी चालवत नेत नाहीत. गॅसने कापून, तुकडे करून नेतात. "सहा वर्षं जोडली," निकम म्हणाले, "तोडायला त्यांना दोन तास लागतील."

ही माहिती जाहिरातीत घालण्यासारखी नव्हती, म्हणून मी ती लिहून घेतली नाही.

गुरुवारी कार्यालय उघडले तेव्हा पायरीवर एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. त्यांची पाठ दुखत होती आणि अमेरिकेत पाठीसाठी वेगळ्या गाद्या करतात हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. "उघड्या पाठीची म्हणजे," त्यांनी विचारले, "आपली पाठ उघडी ठेवायची की गादीची?" त्यांच्यामागे भद्रकालीतले एक गादीवाले होते. त्यांना गादी विकत नको होती. तिच्यात कापूस कोणता आहे, एवढेच पाहायचे होते. दुपारपर्यंत सात जण आले. गाडीसाठी एकही आला नाही.

आत कंपोझिटर पगारे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीपुढे उभे होते. त्या विभागातले सगळ्यांत जुने. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आणि मराठी माझ्यापेक्षा जास्त वाचलेले, कारण छापून गेलेली प्रत्येक ओळ त्यांच्या बोटांखालून गेली होती.

"पगारे, गाडीची गादी कशी झाली?"

त्यांनी माझा हस्तलिखित कागद काढून पुढे धरला. "हा ड आहे की द, तुम्हीच सांगा."

मी कागद दूर धरला, जवळ धरला. सांगता आले नाही.

"मग मी पुढचा-मागचा शब्द बघितला," पगारे म्हणाले. "साहेब, मी बौद्ध माणूस. देवळात आपलं काही काम नाही. पण जीर्णोद्धार हा शब्द तीस वर्षं रोज जुळवतोय. नाशकात त्याच्यापुढं देऊळ येतं, घाट येतो, मठ येतो, नाहीतर गादी येते. मोटारीचा जीर्णोद्धार मी तरी कधी जुळवला नाही."

"पण चारही चाकांना बळ असलेली गादी?"

"मला वाटलं रथ असेल. रथातली गादी. आणि प्रूफ तुमच्याकडं आलं होतं की. तुम्ही 'सुस्थितीत'ची सु ऱ्हस्व केलीत."

हे खरे होते. मी शुद्धलेखन तपासत होतो. 'गादी' हा शब्द शुद्ध होता.

चारच्या सुमारास आठवा माणूस आला. हातात सुंभाची दोरी होती. पेठकडच्या एका लहान दवाखान्यातले कंपाउंडर, नाव महाले. सकाळच्या एसटीने निघाले होते.

"ती चाकांची गादी हाय का अजून, साहेब?"

एव्हाना माझा खुलासा पाठ झाला होता. "ती गादी नाही, गाडी आहे. मुद्रणदोष. शुद्धिपत्र उद्या येईल."

"म्हंजे गादी नाय?"

"नाही."

"चाकं हायेत, पण गादी नाय."

"बरोबर."

"बरं," महाले म्हणाले. दोरी बसच्या टपावर गादी बांधायला आणली होती, ती त्यांनी खांद्यावर टाकली, माठातले पाणी प्यायले आणि गेले. चाकांची गादी त्यांना कशासाठी हवी होती, हे मी विचारले नाही. मोजदादीच्या कागदावर 'आठ' लिहिले.

शुद्धिपत्र लिहिण्याची आमच्याकडे एक पद्धत होती. चूक थोडक्यात कबूल करायची, मूळ चूक पुन्हा रंगवायची नाही. मी पद्धत तंतोतंत पाळली. शुक्रवारच्या अंकात छापून आले : 'कालच्या अंकात गादी असे छापले गेले आहे, ते गाडी असे वाचावे.' पान कोणते, सदर कोणते, हे लिहिले नव्हते. आठ शब्द वाचले होते.

गुरुवारच्याच अंकात पहिल्या पानावर पंचवटीतल्या एका मठाची बातमी होती. मठाच्या गादीवर नवे महाराज बसले होते. बातमीत 'गादी' हा शब्द पाच वेळा होता, एकदा मथळ्यात.

शनिवारी सकाळी मठाची सहा भक्तमंडळी आली. सर्वांत वयस्कर होते त्यांनी खुर्ची घेतली, दोन्ही अंक टेबलावर उलगडले आणि शांतपणे वाचले, "महाराज परंपरेच्या गाडीवर विराजमान. असं वाचायचं ना?"

"नाही. ते शुद्धिपत्र दुसऱ्या गादीचं आहे."

"दुसरी गादी?" मागून एक जण पुढे आला. "म्हणजे दुसऱ्या गटाची? कोण बसलं तिच्यावर?"

"कोणी नाही. ती द्वारकेला आहे. ती विकायची आहे."

हे वाक्य मी परत घेऊ शकलो असतो तर घेतले असते. पुढची दहा मिनिटे कोण काय म्हणाले हे मी नोंदवू शकलो नाही, कारण सहाही जण एकाच वेळी बोलत होते. शेवटी चौथे पान उघडून मी सगळे दाखवले. वयस्कर गृहस्थांनी जाहिरात वाचली, चष्मा काढला आणि खांदे हलेपर्यंत हसले.

"अहो, महाराजांना गाडी लागते," ते म्हणाले. "देवळाली कॅम्पापर्यंत बसले तरी उलटी होते. ते सगळीकडे चालत जातात. गाडीवर विराजमान वाचून त्यांना काय वाटलं असेल!"

संपादकांनी केबिनमधून एवढेच सांगितले, "शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र द्या. आणि यात कोणताही शब्द वाचवू नका."

मंडळी उतरत असतानाच जिन्यात निकम चढताना दिसले. त्यांच्या हातात शुक्रवारचा अंक होता. ते खिडकीशी आले नाहीत, थेट टेबलाशी आले. आवाज चढला की त्यांची सटाण्याची बोली वर येई.

"गादी! मन्ही गाडी शे ती, भाऊ! गाडी!" त्यांनी अंक टेबलावर ठेवला. "दोन दिवस मी शेडमध्ये बसलोय तिला पुसून. कोण आलं म्हणता? एक म्हातारे मास्तर. पाठ टेकून बघू का म्हणाले. मी म्हटलं टेका."

"मास्तर काय म्हणाले?"

"कडक आहे म्हणाले."

मग ते खाली बसले आणि साध्या आवाजात म्हणाले, "बुधवार आलाय, भाऊ. चार दिवस राहिले."

रविवारी मला सुट्टी होती. मी सायकलने द्वारकेला गेलो. जिची जाहिरात मी लिहिली, दुरुस्त केली आणि दुरुस्ती दुरुस्त केली ती वस्तू तोवर मी पाहिली नव्हती.

शेडच्या पत्र्याखाली ती उभी होती. बैलाच्या वशिंडासारखी वर आलेली चाकांवरची पाखे, पुढे बसवलेला लोखंडी दोराचा रहाटा, मागे माल ठेवायची उघडी लोखंडी पेटी. रंग मिलिटरीचा हिरवा, पण ब्रशचा एकही फराटा दिसत नव्हता. दार लावले की तिजोरी लावल्यासारखा आवाज येई. निकम म्हणाले, "बसा." मी सवयीने डाव्या बाजूने चढलो आणि बसलो. समोर स्टिअरिंग होते.

"तुम्ही चालवताय का?" निकमांनी बाहेरून विचारले. अमेरिकन गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो. हे जाहिरातीत यायला हवे होते.

त्यांनी गाडी नासर्डीच्या पात्रात उतरवली. पात्र कोरडे होते, वाळू भुसभुशीत. मागची चाके रुतली आणि जागच्या जागी फिरू लागली. "आता दोनच ओढतात," निकम म्हणाले. मग त्यांनी दुसरा दांडा मागे घेतला. गाडी क्षणभर थांबली, गुरगुरली आणि चालण्याच्या वेगाने, अजिबात न घसरता, समोरची दरड चढून रस्त्यावर आली. मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. 'बळ असलेली' हे वर्णन चुकीचे नव्हते. ते कोणाला उपयोगाचे नव्हते, एवढेच.

शेडमध्ये परतलो तेव्हा भंगारवाले हाजीसाहेब येऊन बसले होते. पांढरी दाढी, पांढरे कपडे, हातात खडूचा तुकडा. गाडी कुठे कुठे कापायची त्या खुणा करायला ते आले होते. गाडी जागेवर नसल्याने थांबले होते.

"अखबारवाले आप?" त्यांनी विचारले. "मालेगावात पोरं मला म्हणाली, हाजीसाब, गादी लेने जा रहे क्या? मैं बोला, तकिया भी लाऊँगा."

"हिला कापू नका," मी म्हणालो.

"मी कशाला कापतो? कोई चलानेवाला ले जाए तो मैं मिठाई भेजूँगा. पण टेम्पोवाल्यांना विचारलं मी पिंपळगावला. सब बोले, पेट्रोल पीती है."

अडचण हीच होती. इंजिन पेट्रोलचे होते. रोज कांदा वाहणाऱ्याला ते परवडत नव्हते. डिझेलचे इंजिन बसवले असते तर गाडी केव्हाच गेली असती. निकमांनी बसवले नव्हते. "दुसऱ्याचं काळीज बसवायचं तर मग मी सहा वर्षं केलं काय?" असे ते म्हणाले. हाजीसाहेबांनी मान हलवली आणि बुधवारी दुपारी येतो म्हणून सांगितले. खडूची खूण त्या दिवशी त्यांनी केली नाही.

संध्याकाळी मी कार्यालयात गेलो, पण सोमवारच्या अंकासाठी मजकूर लिहिला नाही. निकमांची मूळ चिठ्ठी तशीच आत दिली. पगाऱ्यांनी ती वाचली आणि विचारले, "रिपेर असंच ठेवू?"

"असंच."

"कडक?"

"तेही."

"मग प्रूफ कशाला पाठवू?" असे म्हणून त्यांनी ओळ जुळवायला घेतली.

त्या एका जाहिरातीवर सोमवारी पाच जण शेडवर जाऊन आले. फोर व्हील म्हणजे काय, हे कोणालाही समजावावे लागले नाही. पाचांपैकी चौघांनी पहिला प्रश्न डिझेलचा विचारला. पाचव्याला फक्त रहाटा हवा होता.

मंगळवारी सकाळी मी टेबलावर बसलो होतो. पगारे शाईचे हात पुसत बाहेर आले. असे ते क्वचित येत.

"साहेब, गुरुवारी एक दोरीवाला आला होता. पेठचा."

"हो. आठवा."

"चाकाची गादी त्याला कशाला पाहिजे होती?"

"विचारलं नाही."

"दवाखान्यातला होता ना तो?" पगारे म्हणाले. "दवाखान्यात चाकाची गादी म्हणजे पेशंट न्यायची ढकलगाडी. अन् पेठकडं पावसाळ्यात बाईमाणूस अडलं तर झोळी करून खांद्यावर आणतात. माझी बहीण तिकडं शाळेवर आहे, ती सांगते. मोटार घाटाच्या खालीच थांबते, चिखलात." त्यांनी बोटांवरची शाई पुन्हा पुसली. "रोज नाही लागत त्यांना गाडी. लागते तेव्हा मात्र लागतेच."

मी रजेचा अर्ज लिहिला. त्यात दोन चुका होत्या, असे नंतर कळले.

पेठची एसटी सावळघाट चढून गेली तेव्हा दुपार झाली होती. दवाखाना म्हणजे कौलारू तीन खोल्या आणि पडवी. पडवीत पंचवीसेक माणसे बसली होती. मी सरळ आत जाऊ लागलो तर एका म्हातारीने हाताला सापडली ती माझी पँट धरून मला रांगेत बसवले. तासाभराने नंबर लागला. डॉक्टरबाई चाळिशीच्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "काय होतंय?"

"गाडी," मी म्हणालो.

"लागते का? घाटात सगळ्यांनाच लागते. महाले, लिंबाची गोळी द्या."

महाल्यांनी पडद्यामागून डोके काढले आणि मला पाहिले. "बाई, हेच ते. गादी नाय म्हणालेले."

मग मी उभ्याने, बातमी सांगावी तसे, सगळे क्रमाने सांगितले. गाडी कोणती, कुठे आहे, काय करू शकते, पेट्रोल किती पिते, उद्या दुपारी तिचे काय होणार आहे. डॉक्टरबाईंनी मधे एकदाच विचारले.

"हे तुम्ही गुरुवारी महाल्यांना का नाही सांगितलंत? ते पाच तास बस बदलत आले होते."

"त्यांनी गादी विचारली होती."

"आणि तुम्हाला गाडी विकायची होती."

त्या वाक्यात मुद्रणदोष कुठेही नव्हता.

बुधवारी बाराच्या सुमारास डॉक्टरबाई आणि महाले द्वारकेला उतरले. हाजीसाहेबांचा टेम्पो शेडबाहेर उभा होता, त्यात गॅसच्या दोन टाक्या. निकमांनी त्या दिवशी गाडी पुसली नव्हती. ते पत्र्याला टेकून उभे होते.

डॉक्टरबाई गाडीला एक फेरी मारून आल्या. मागच्या पेटीत चढून त्यांनी टाचेने तळ आपटला, मग महाल्यांना आडवे व्हायला सांगितले. महाले आडवे झाले. पाय बाहेर आले नाहीत.

"निकमदादा, जुलैत सावळघाट चढेल ही?"

"चढेल का म्हणता?" निकम पत्र्यापासून पुढे आले. "बाई, ही वर जाऊन तुमची वाट बघत बसेल."

"आणि बंद पडली तर? आमच्याकडे सायकलचं पंक्चर काढायलाही माणूस नाही."

हाजीसाहेब टेम्पोच्या पायरीवर बसले होते, ते म्हणाले, "दादा, उसका मतलब समझो. बाई गाडी के साथ मिस्तरी भी माँग रही."

"मी?" निकम म्हणाले. "मी साठीचा माणूस. घरी मंडळींना विचारावं लागेल."

"विचारा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आम्ही थांबतो."

घर मागच्याच गल्लीत होते. निकम गेले आणि पाच मिनिटांत परत आले.

"काय म्हणाल्या?" मी विचारले.

"म्हणाली, सहा वर्षं तुम्ही शेडमध्येच राहताय. पेठला राहिलात तर मला काय फरक पडतो." त्यांनी खिशातून किल्ली काढली. "आणि म्हणाली, महिन्याला मीबी येईन. गाडी पाठवा."

हाजीसाहेब उठले. गॅसच्या टाक्यांवर त्यांनी ताडपत्री ओढली. "दस साल बाद बुलाना," ते निकमांना म्हणाले. "लोहा कहीं जाता नहीं. अभी जाने दो उसको."

दुपारी दोनच्या आधी शेड रिकामी झाली. शेडची किल्ली जागेच्या मालकाला मी नेऊन दिली.

यापुढची माहिती माझी स्वतःची नाही. ती मला १९८६ मध्ये मिळाली, तेव्हा एका पुरवणीच्या कामासाठी मी पेठला गेलो होतो. दवाखान्यात एक लांब वही होती. गाडी केव्हा निघाली, कोणाला आणायला आणि केव्हा परतली, एवढे तीत महाल्यांच्या अक्षरात लिहिलेले असे. त्यांचा ड आणि द वेगळा ओळखू येत होता.

पहिल्या पावसाळ्यातल्या नोंदींपैकी एक मी उतरवून घेतली आहे. जुलै महिना, दिवस रविवार. रस्ता वाहून गेला होता. गाडी ओढ्यातून उतरून एका पाड्यावर गेली आणि एका अडलेल्या बाईला घेऊन निघाली. परत येताना घाटातच, भर दुपारी, गाडी थांबवावी लागली. मुलगी झाली. निकम सांगत की मुलीच्या बापाने तिचे नाव गाडीवरून ठेवायचे ठरवले होते, आणि गाडीला नाव नसल्याने निकमांच्या बायकोचे ठेवले. याला दुजोरा मिळाला नाही.

आई मुलीला घेऊन चौथ्या दिवशी चालत घरी गेली, असे वहीत आहे.